मर्यादा शून्य का येते

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे आहेत, हे सांगायला मला विचार करावा लागत नाही. मालवणजवळ कट्टा गावच्या शाळेत मला गणित शिकवणाऱ्या बाईंचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण छापलेल्या कागदावर स्वतःचं नाव दिसलं की त्या अवघडतात. शाळेत आणखीही बाई होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की कुणाबद्दल बोलणं चाललंय हे सगळ्यांना कळायचं.

आमचं गाव कट्ट्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. घरी भात, थोडे काजू, दोन म्हशी. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. दहावीचा निकाल लागला आणि त्या आठवड्यात बाई आमच्या घरी आल्या. वडील ओट्यावर बसून नांगराचं जू तासत होते. बाई छत्री मिटून वर चढल्या आणि पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधीच म्हणाल्या, "ह्येका फुडे शिकवचा आसा."

"शिकवक माझी ना नाय, बाई," वडील म्हणाले. "पण घरात शिकलेला कोण आसा? थंय ह्येका काय अडला तर ह्यो इचारतलो कोणाक?"

"माका."

"आनी तुमका नाय इला तर?"

"मगे दोघां मिळान शोदू."

वडिलांनी जू बाजूला ठेवलं. एवढंच बोलणं झालं. पुढे बारावी करून मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगला गेलो आणि बाईंनी दिलेला शब्द मी अगदी शब्दशः घेतला. सेमिस्टर म्हणजे काय, मेसचं कार्ड हरवलं तर कुणाला भेटायचं, मुलाखतीला पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतो का, हे सगळं मी त्यांना फोन करून विचारलं. 'व्हायवा' आहे म्हणून फळ्यावर लिहिलेलं वाचलं तेव्हा वर्गात कुणाला विचारायची लाज वाटली. बाहेर येऊन बाईंना फोन केला.

"तोंडी परीक्षा रे ती," बाई म्हणाल्या. "येत नसेल तर येत नाही म्हण. पण पहिल्या दमात म्हण, घोळवत बसू नकोस."

आता मी पुण्याच्या एका छोट्या कंपनीत काम करतो, पण राहतो घरीच, गावी. आमची कंपनी पाण्याच्या टाक्या, पंप, गोठे यांवर लक्ष ठेवणारे तळहाताएवढे बोर्ड बनवते. त्या बोर्डाला काय करायचं ते सांगण्यासाठी एक लहानशी प्रोग्रामिंगची भाषा आहे, आणि त्या भाषेचा कंपायलर सांभाळणाऱ्यांपैकी मी एक आहे. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम वाचून तो यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा प्रोग्राम. आईला मी हे समजावताना म्हटलं होतं, की तो दुभाषा असतो.

"आनी दुभाष्यो चुकीचा सांगूक लागलो तर यंत्राक कळतला कसा?" आईने विचारलं होतं.

मी म्हटलं, तसं सहसा होत नाही.

बाई निवृत्त झाल्यावर मिठबावला माहेरी राहायला गेल्या. भाऊ आता नाहीत, घरात भावजय आहेत. त्यांना मीही वहिनीच म्हणतो. गेल्या गणपतीत मी बाईंना आमचा एक बोर्ड नेऊन दिला. शोभेची वस्तू द्यावी तसा दिला होता, खरं सांगायचं तर. पण बाईंनी आमच्या भाषेची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचली, समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिले, आणि दिवाळीपर्यंत त्या मला असे प्रश्न विचारू लागल्या की मलाच पुस्तिका उघडावी लागे. मग गावातल्या नववी-दहावीच्या काही मुली शनिवारी त्यांच्याकडे शिकायला येऊ लागल्या. बाई आदल्या दिवशी स्वतः शिकायच्या आणि दुसऱ्या दिवशी मुलींना शिकवायच्या.

उन्हाळा लागला तसं बाईंनी एक काम मनावर घेतलं. त्यांची विहीर खाडीच्या अंगाला आहे. वैशाखात अशा विहिरींचं पाणी मचूळ होतं. ते कुठल्या दिवशी होईल हे कळत नाही. डाळ शिजेनाशी झाली की वहिनींना कळतं, तोवर घरात सगळ्यांनी तेच पाणी प्यायलेलं असतं. खारट पाण्यातून वीज जास्त वाहते. म्हणून बाईंनी स्टीलच्या दोन काड्या विहिरीत सोडल्या, वायर बोर्डाला जोडली, आणि खारटपणाचा आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की तांबडा दिवा लागेल असा प्रोग्राम लिहिला.

दिवा लागला. लागला तो लागलाच. पाणी तर गोड होतं.

बाईंचा निरोप आला: "मर्यादा अडीचशे यायला हवी, ती शून्य येते आहे. त्यामुळे दिवा कायम लागतो. माझंच कुठेतरी चुकतंय. सवड झाली की बघ."

मी लगेच फोन लावला. फाइल कशी पाठवायची यात वेळ घालवण्यापेक्षा वाचून दाखवा म्हटलं, मी इथे टाइप करतो.

"लिही," बाई म्हणाल्या. "मर्यादा बरोबर गोडपाणी अधिक सूट."

"थांबा बाई, आधी आकडे सांगा."

"गोडपाणी दोनशे. सूट पन्नास."

गोड पाण्यात त्यांच्या काड्यांचा आकडा दोनशे येत होता, आणि थोडं इकडे-तिकडे होईल म्हणून पन्नासची सूट. मी आकडे लिहिले, खाली मर्यादेची ओळ लिहिली, प्रोग्राम चालवला. मर्यादा अडीचशे आली.

"बाई, माझ्याकडे बरोबर येतंय."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे माझंच. सारखी तपासते आहे रे, आणि मला चूक दिसत नाही. बेरीज आहे नुसती. बेरजेतली चूक मला दिसत नसेल तर मुलींना शिकवायला बसण्यात अर्थ नाही. मे संपेपर्यंत वर्ग चालवणार होते, पण आता आजचा शनिवार झाला की बंद करते."

त्यांच्या आवाजात नाराजी नव्हती. उत्तरपत्रिका तपासून गुण लिहावेत तसं त्या बोलत होत्या, आणि त्यामुळेच मला ते ऐकवेना. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मोटारसायकल काढली आणि मालवणवरून, आचऱ्यावरून मिठबावला गेलो.

विहिरीवर वहिनी पाणी काढत होत्या. रहाटाच्या खांबाला बाईंचा दिवा बांधलेला होता आणि भर उन्हात तो तांबडा दिसत होता.

"इलंस?" वहिनी म्हणाल्या. "बघ रे बाबा तेका. तुझ्या बाईंच्या दिव्याचे डोळे इलेत. मी म्हटलंय, गुलाबपाणी घालू काय?"

"पाणी कसं आहे, वहिनी?"

"पाणी बरा आसा. माझ्या जिभेक कळता, तेका कळना नाय. शेजारीण काल कळशी घेवन इली, दिवो बघल्यान आनी तशीच परत गेली. म्हटल्यान, तुमचा पाणी आजारी आसा."

आतून बाई म्हणाल्या, "हसून झालं असेल तर त्याला आत येऊ दे."

लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. मी त्यांची फाइल पाहिली आणि खुर्ची पुढे ओढून पुन्हा पाहिली. सगळ्यांत वर होती मर्यादा. तिच्याखाली गोडपाणी, त्याखाली सूट. फोनवर त्यांनी ज्या क्रमाने सांगायला सुरुवात केली होती, तोच क्रम. मी थांबवून तो बदलला होता.

बाई गणित असंच लिहायच्या. पुस्तकात आधी पक्ष असतो, म्हणजे काय दिलंय ते, आणि मग साध्य, म्हणजे काय सिद्ध करायचंय ते. बाई फळ्यावर साध्य वर लिहायच्या, त्याखाली पक्ष. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, बाई, पुस्तकात उलट आहे. तेव्हा शाळेतली भाषा सोडून त्या म्हणाल्या होत्या, "खंय जावचा ता आधी ठरव, मगे एस्टीत चढ." कॉलेजात माझी ती सवय मोडली. तिथे सगळे आकडे वर लिहायचे, मीही लिहू लागलो.

मी बाईंची फाइल जशीच्या तशी चालवली. शून्य. दोन आकडे वर घेतले. अडीचशे. पुन्हा खाली नेले. शून्य. मला हसू यायला लागलं. चूक सापडण्याच्या आधी एक क्षण असा येतो की चूक आहे एवढं नक्की दिसतं आणि का आहे ते अजिबात कळत नाही. माझ्या कामात मला सगळ्यांत आवडणारा क्षण तोच.

बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "एकच वर घेऊन बघ," त्या म्हणाल्या. "गोडपाणी वर. सूट खाली राहू दे."

मी तसं केलं. मर्यादा दोनशे आली.

"आता गोडपाणी खाली, सूट वर."

पन्नास.

"म्हणजे खाली जे आहे ते तो शून्य धरतो," बाई म्हणाल्या.

"हो. बाई, ही तुमची चूक नाही बहुतेक."

"बहुतेक?" त्यांनी चष्मा काढला. "नियम काय आहे? आकडे आधी लिहायलाच हवेत असा नियम असेल, तर मी तो मोडला. चूक माझीच. नियम तसा नसेल तर त्याची. तुला नियम माहीत आहे?"

मला वाटत होतं, की क्रमाचं बंधन नाही. पण खात्रीने सांगता येईना. पुस्तिका बाईंनी मुलींपैकी एकीला वाचायला दिली होती, आणि त्या दिवशी मिठबावला माझ्या फोनला रेंज नव्हती.

"माहीत नाही, बाई."

"मग जा, बघ आणि मला लिहून पाठव. पत्र. फोनवर तू माझी समजूत घालशील. लिहिलंस तर सिद्ध करावं लागेल."

वहिनींनी निघताना पिशवीत दोन नारळ घातले आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "खराच तिची चूक असात तर खरा सांग हां. खोट्याक ती वळाखता."

सोमवारी सकाळी पहिलं काम केलं ते भाषेचे नियम उघडायचं. बाईंनी वाचली ती पुस्तिका नव्हे, तिच्यामागचा मोठा दस्तऐवज, जो आम्ही कंपायलरवाले पाळायला बांधलेले असतो. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की फाइलीच्या पातळीवर, म्हणजे साऱ्या प्रोग्रामला दिसणाऱ्या ज्या किमती असतात, त्या कोणत्याही क्रमाने लिहाव्यात. कोणती कोणावर अवलंबून आहे हे शोधणं कंपायलरचं काम. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. बाईंनी नियम मोडला नव्हता. दुभाषा चुकीचं सांगत होता.

आता प्रश्न, का. अशा किमतींना आम्ही ग्लोबल व्हेरिएबल म्हणतो. त्या प्रोग्राम सुरू होण्याआधीच भरलेल्या असाव्या लागतात. ज्या साध्या आकड्यांवरून काढता येतात, दोनशे अधिक पन्नास अशा, त्या कंपायलर स्वतःच काढून तयार उत्तर यंत्रात ठेवतो. यंत्राचा वेळ वाचतो. हे तो दोन फेऱ्यांत करतो. पहिल्या फेरीत सगळी नावं वाचतो आणि प्रत्येकासाठी एक डबा मांडतो, डब्यावर नाव लिहितो. दुसऱ्या फेरीत एकेक डबा भरतो. मांडलेल्या रिकाम्या डब्यात शून्य असतं.

दुसरी फेरी जिथे होते तो भाग मी वाचायला घेतला. तो माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलेला आणि चांगला लिहिलेला होता. अवलंबून असलेल्या किमती आधी काढायची व्यवस्था तिथे होती. मग बाईंची बेरीज त्या व्यवस्थेतून का जात नव्हती? मी प्रत्येक पायरीवर कंपायलरला तो कुठे आहे ते छापायला लावलं आणि बाईंची फाइल दिली. ती त्या व्यवस्थेपर्यंत पोचलीच नाही. आधीच एका आडवाटेने निघून गेली.

आडवाट अशी होती: दोन्ही किमती कायमच्या, कधी न बदलणाऱ्या असतील, तर फार विचार करू नका, डब्यात हात घाला आणि घ्या. कंपायलर जलद चालावा म्हणून कुणीतरी ती नंतर घातली होती. पण 'कायमची किंमत' ही खूण डब्यावर पहिल्याच फेरीत पडायची, भरण्याच्या आधी. हात घालणारा खूण बघायचा, डबा भरलाय का ते बघायचा नाही. आकडे वर लिहिणाऱ्या माणसाचे डबे तोवर भरलेले असायचे. आम्ही सगळे आकडे वरच लिहायचो. म्हणून ही चूक आमच्यापैकी कुणाच्या वाट्याला आली नाही.

दुपारी आमच्या टीमच्या प्रमुखांशी बोललो. त्या नागपूरच्या, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, मी त्यांना मॅडम म्हणतो आणि त्यांना ते आवडत नाही.

"पण असं उलटं लिहितं कोण?" त्यांनी विचारलं.

"माझ्या गणिताच्या बाई."

"मग त्यांना सांग ना, दोन ओळी वर घ्या. झालं काम."

"काम होईल, मॅडम. पण चूक त्यांची ठरेल. आणि त्या शिकवणं बंद करतील."

"एवढ्यावरून?"

"त्या तशा आहेत."

मॅडम हसल्या. "शुक्रवारी नवी आवृत्ती जाते आहे. त्याच्या आत दे. आणि टेस्टशिवाय घेणार नाही, बाई कुणाच्याही असोत."

दुरुस्ती मला सोपी वाटली. हात घालण्याआधी डबा भरलाय का बघायचं. नसेल तर आधी तो भरायचा, मग परत येऊन घ्यायचं. मी ती लिहिली. बाईंची फाइल दिली. अडीचशे आले तेव्हा मी खुर्चीतून उठून ओट्यावर गेलो आणि काजूची बी वाळत घालणाऱ्या आईला म्हटलं, "सापडलं."

"काय हरवला हुता?" आई म्हणाली.

मॅडमनी माझी दुरुस्ती वाचली आणि खाली एक ओळ लिहून परत पाठवली: "अ बरोबर ब अधिक एक, आणि ब बरोबर अ अधिक एक, असं दिलं तर?" मी दिलं. कंपायलर अ भरायला गेला, त्यासाठी ब भरायला गेला, त्यासाठी अ भरायला गेला, आणि गेला तो मेमरी संपून कोसळेपर्यंत जातच राहिला. कान धरून बसलो. दोन खुणा पुरत नव्हत्या. रिकामा आणि भरलेला यांच्यामध्ये तिसरी हवी होती: भरणं चालू आहे. भरणं चालू असलेला डबाच पुन्हा मागायची वेळ आली, तर दोन किमती एकमेकींच्या खांद्यावर उभ्या आहेत. तिथे थांबायचं आणि लिहिणाऱ्याला दोघींची नावं सांगायची. हे जमवण्यात दोन दिवस गेले, कारण ते थांबणं जिथे घालावं तिथून दुसरीच एखादी टेस्ट, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणारी चाचणी, मोडायची.

मधेच वहिनींचा फोन आला. त्या एरवी मला फोन करत नाहीत.

"अरे, तिनी ता यंत्र काढून कापडात गुंडाळून फळयेर ठेवल्यानी. पोरींका उद्या निरोप धाडूचो म्हणता, शनिवारी येव नका म्हणान."

"वहिनी, बाईंची चूक नाहीये. मला कळलंय."

"मगे सांग तिका!"

"सिद्ध करून पाठव म्हणाल्यात."

"तुमी दोघांय सारखी," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तांबडो तर तांबडो रे, पण दिवो पेटत हुतो तेवा घरात बोलणा तरी हुता. आता ती पेपर वाचीत बसता. निरोपाचा मी बघतंय. शनिवारपर्यंत पोरी काय माका सापडनत नाय."

गुरुवारी दुरुस्ती मंजूर झाली. टेस्ट म्हणून मी एखादं साधं उदाहरण लिहू शकलो असतो. मी बाईंच्या तीन ओळी घातल्या, त्यांच्या क्रमाने, त्यांच्या नावांनी. मॅडमनी विचारलं, "गोडपाणी म्हणजे काय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "राहू दे तसंच."

संध्याकाळी मी ओट्यावर बसून पत्र लिहिलं. शुक्रवारी सकाळी मालवण स्टँडवर जाऊन देवगडला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट दिलं. आमच्याकडे अजून असं चालतं; औषधं, लग्नाच्या पत्रिका, पुरणपोळ्या, सगळं या गाड्यांतून जातं. मिठबावच्या स्टॉपवर वहिनी उभ्या राहणार होत्या. पत्राची नक्कल माझ्याकडे आहे, ती अशी:

बाई,

नमस्कार. तुम्हाला प्रस्तावना आवडत नाही, म्हणून तुमच्या पद्धतीने साध्य आधी लिहितो.

साध्य: मर्यादा शून्य आली, यात चूक तुमची नाही, कंपायलरची आहे.

पक्ष: एक, भाषेचा नियम सांगतो की अशा किमती कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. त्या पानाची छापील प्रत सोबत आहे, ओळीखाली रेघ मारली आहे. दोन, तुमच्या फाइलीत दुसरं काही नियमाबाहेर नाही. ते मी ओळ न् ओळ तपासलं, आणि तुमचं मन राखायचं म्हणून नाही.

सिद्धता: कंपायलर आधी सगळ्या किमतींचे डबे मांडतो आणि मग भरतो. 'ही किंमत कधी बदलणार नाही' अशी खूण तो मांडतानाच लावतो. मर्यादेची बेरीज करताना त्याने गोडपाणी आणि सूट यांच्यावरची खूण पाहिली आणि डबे भरलेले आहेत असं धरून चालला. ते भरलेले नव्हते. शून्य अधिक शून्य, शून्य. तुम्ही मला एकच आकडा वर घ्यायला लावलात तेव्हा दोनशे आले आणि पन्नास आले, तेही यामुळेच. ती चाचणी मला सुचली नव्हती. माझ्या दुरुस्तीच्या नोंदीत ती तुमची म्हणून लिहिली आहे, नाव न देता, 'एका शिक्षिकेने' असं.

आता तो घेण्याआधी डबा भरलाय का ते बघतो, नसेल तर आधी भरतो. दोन किमती एकमेकींवरच अवलंबून असतील तर थांबतो आणि तसं सांगतो. तुमच्या तीन ओळी आता आमच्या तपासणीत आहेत. कंपायलरमध्ये कुणीही काहीही बदललं, की आधी मर्यादा अडीचशे येते का ते पाहिलं जाईल, आणि आली नाही तर तो बदल घेतला जाणार नाही. यासाठी तुमची परवानगी मी आधी विचारायला हवी होती. ती आता मागतो.

फोनवर मी 'माझ्याकडे बरोबर येतंय' म्हणालो, ते खरं होतं, पण तो तुमचा प्रोग्राम नव्हता. तो मी माझ्या क्रमाने लिहिलेला होता. त्यावरून तुम्ही स्वतःबद्दल जे ठरवलंत, ते चुकीच्या पक्षावरून काढलेलं आहे आणि म्हणून ते धरता येणार नाही.

शनिवारी सकाळी मी येतो आणि नवा कंपायलर घालून देतो. मुलींना येऊ नका असा निरोप अजून गेलेला नाही, असं मला खात्रीने कळलं आहे.

एक गोष्ट मात्र आहे. समजूत घालू नकोस म्हणाला होतात, म्हणून लिहितो. तुमच्या प्रोग्राममध्ये एक खरी चूक सापडली. ती कंपायलरची नाही, तुमची आहे. ती मी दुरुस्त केलेली नाही आणि काय आहे तेही पूर्ण सांगत नाही. आता उन्हाने विहिरीचं पाणी रोज थोडं खाली जातंय. एखाद्या दुपारी ते काड्यांच्या खाली गेलं, काड्या हवेत लटकत राहिल्या, आणि हवेतून वीज वाहत नाही, तर तुमचा दिवा वहिनींना काय सांगेल? एवढं मुलींना विचारून ठेवा. मी येईपर्यंत कुणाला उत्तर सांगू नका.

तुमचा विद्यार्थी